झेरॉक्सवाल्याने ट्रस्ट नोंदवला त्याची गोष्ट

तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेयर, स्कॉलरशिप, पीक विमा... दिवसाला तीस-चाळीस फॉर्म हातावेगळे होतात. त्यामुळे 2022 च्या जानेवारीत आम्ही पाच जणांनी ट्रस्ट काढायचं ठरवलं तेव्हा "कागदपत्रांचं माझ्यावर सोडा" असं मी छातीठोकपणे सांगून बसलो. पुढचे तेरा महिने त्या एका वाक्यापायी गेले.

मणक्याला मार लागून पाय गेलेल्या लोकांपर्यंत माहिती पोचवणं आणि त्यावरच्या संशोधनाला जमेल तेवढा हातभार लावणं, एवढ्यासाठी हा ट्रस्ट. नाव मुद्दाम लिहीत नाही, ही जाहिरात नाही. पण गेल्या वर्षभरात तीन वेगवेगळ्या जिल्ह्यांतून फोन आले आणि तिघांनी तेच तेच विचारलं, असा ट्रस्ट नोंदवायचा कसा. म्हणून तारखेवारीनं लिहून ठेवतो.

आधी थोडं मागचं, नाही तर ट्रस्ट कशाला हे कळणार नाही.

मी मूळचा वायरमन, ठेकेदाराकडचा. 11 जून 2016 ला, पावसाळ्याआधीच्या दुरुस्तीच्या कामात खांबावरून खाली आलो. वीसेक फूट. शुद्धीवर होतो. चौघांनी हातापायाला धरून, मधे कंबर लोंबकळत, जीपमध्ये घातलं. त्यांचा दोष नाही, मीही दुसऱ्याला तसंच उचललं असतं. मान-पाठ एका रेषेत ठेवून, फळीवर किंवा घरातल्या दारावर घेऊन, सगळ्यांनी एका तालात उचलायचं असतं हे मला दोन वर्षांनी कळलं. ऑपरेशन झालं, सळ्या-स्क्रू बसले आणि सोळाव्या दिवशी घरी सोडलं. डिस्चार्ज कार्डावर मणक्याचा नंबर होता, डी-12, म्हणजे छातीमागच्या मणक्यांतला बारावा. गोळ्यांची यादी होती. खाली "फिजिओथेरपी, एक महिन्याने दाखवणे". बस्स.

घरी आल्यावर आईनं पाय गार लागतात म्हणून विटेचा शेक दिला. मला काहीच कळलं नाही. संध्याकाळी पोटरीवर तळहाताएवढा फोड. पाचव्या आठवड्यात माकडहाडावर रुपयाएवढा काळा डाग दिसला. डाग म्हणजे वरचं झाकण होतं, खाली खड्डा. ती जखम भरायला दुसरं ऑपरेशन धरून आठ महिने लागले. आठ महिने पालथा. दर दोन तासांनी कूस बदलायची एवढं एक वाक्य कुणी सांगितलं असतं तर ते वाचले असते.

मग आला स्टेम सेलचा, म्हणजे मूळ पेशी टोचायच्या उपचाराचा, फेरा. 2017 मध्ये एका मोठ्या शहरातल्या क्लिनिकमध्ये आम्ही 2 लाख 60 हजार भरले. आईच्या पाटल्या आणि सोसायटीचं कर्ज. पायात फरक शून्य. त्याच वर्षी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची स्टेम सेलबद्दलची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आली होती. मणक्याच्या दुखापतीवर हा अजून मान्य उपचार नाही, मंजुरी असलेल्या चाचणीतच तो करून बघता येतो आणि अशा चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात, असं त्यांचं म्हणणं. ते कागद इंग्रजीत होते. आमच्या पाटल्या मराठीत गेल्या.

2018 मध्ये पुण्यात सात आठवडे पुनर्वसनासाठी राहिलो. तिथं शेजारच्या कॉटवर एक ट्रक ड्रायव्हर होता, माझ्याआधी चार वर्षं पाय गेलेला. त्यानं उशीखालून दाढीचा आरसा काढला आणि दहा मिनिटांत शिकवलं: सकाळ-संध्याकाळ आरशात पाठ बघ, खुर्चीत बसलास की दर पंधरा-वीस मिनिटांनी हातावर जोर देऊन बूड उचल, लघवी साठू देऊ नकोस, चार ते सहा तासांनी स्वतः नळी घाल आणि काढ. दोन वर्षं जे कुठल्याच कागदावर नव्हतं ते त्या माणसाच्या तोंडी होतं. ट्रस्टचं बी तिथं पडलं म्हणायला हरकत नाही, पण उगवायला चार वर्षं गेली.

आम्ही पाच जण म्हणजे मी, एक निवृत्त मुख्याध्यापक ज्यांचा मुलगा आमच्यातला, एक वहिनी (विहिरीत पडून त्यांच्या यजमानांचं मानेखालचं अंग गेलं), तालुक्यातल्या फिजिओ मॅडम आणि ट्रॅक्टरखाली सापडलेला बी.कॉम.चा एक पोरगा. तीन वर्षं आमचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. नवीन पेशंट कळला की कुणीतरी भेटायला जायचं, एवढंच. मग एका साखर कारखान्याच्या ओळखीच्या साहेबांनी विचारलं, "पावती देता का?" पावती नव्हती. म्हणून ट्रस्ट.

पहिला प्रश्न: ट्रस्ट की सोसायटी? 1860 च्या कायद्याखालच्या सोसायटीला किमान सात सभासद लागतात, आणि आपल्याकडे तिची नोंद सार्वजनिक न्यास (म्हणजे ट्रस्ट) म्हणूनही करावी लागते. ट्रस्टला विश्वस्त कमी चालतात. आम्ही पाच होतो, सहावा-सातवा शोधायचा म्हणजे कुणाच्या तरी मेव्हण्याला नुसता सहीपुरता घ्यायचा. मुख्याध्यापक सर म्हणाले, "जो मीटिंगला येणार नाही त्याचं नाव कागदावर नको." ट्रस्ट ठरला. प्रत्येक बदल अर्जासाठी सगळ्या विश्वस्तांच्या सह्या गोळा करताना त्या वाक्याची आठवण होते. कमीच बरे.

वकील जिल्ह्याच्या ठिकाणचे, फी 8,000. मी घासाघीस करायला गेलो तर म्हणाले, "फॉर्म तुम्ही भरा, चुका मी काढतो, मग 5,000." मी गुपचूप 8,000 कबूल केले. शहाणपणाचं एवढंच एक काम माझ्या हातून त्या वर्षी झालं.

21 मार्च 2022 ला न्यासपत्र केलं, पाचशेच्या स्टँप पेपरवर, नोटरीसह. प्रत्येकी 1,000 प्रमाणे 5,000 रुपये मूळ निधी. आता खरी गंमत. वकिलांच्या टायपिस्टनं उद्देशात "अर्धांगवायू झालेल्या रुग्णांसाठी" असं टाइप केलं होतं. मी म्हटलं, अर्धांगवायू म्हणजे एक बाजू जाते, डावी नाही तर उजवी, बहुतेकदा डोक्यातल्या रक्तस्रावानं किंवा गुठळीनं. आमचं कंबरेखालचं किंवा मानेखालचं जातं, मार मणक्यातल्या नसेला असतो. टायपिस्ट म्हणाला, "लकवा टाकू?" लकवा म्हटलं की लोक तोंड वाकडं झालेला माणूस डोळ्यांपुढं आणतात. पाठ्यपुस्तकात शब्द आहे "मेरुरज्जू", तो वॉर्डात कुणाला कळत नाही. वॉर्डात म्हणतात "मणक्याची नस दबली". ती दबलेली नसते, बऱ्याचदा चिरडलेली असते, आणि "दबली" म्हटल्यामुळं घरचे वर्षानुवर्षं ती सुटायची वाट बघतात. शेवटी "मेरुरज्जूला म्हणजे मणक्याच्या कण्यातील मुख्य मज्जातंतूला झालेली इजा व त्यामुळे आलेले अपंगत्व" असं लांबलचक लिहिलं. वकील वैतागले. पण हेच वाक्य पुढं बँकेत, आयकरात, पुस्तिकेत सगळीकडे जसंच्या तसं वापरता आलं. उद्देशाच्या भाषेवर एक अख्खा दिवस घालवा, हे मी आता प्रत्येकाला सांगतो.

संशोधनाचा मुद्दाही तेव्हाच अडला. "संशोधन करणे" लिहिलं तर कुणीही विचारणार, तुमची प्रयोगशाळा कुठाय? आम्ही लिहिलं "संशोधन करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्था व विद्यार्थ्यांना साहाय्य करणे". महाराष्ट्र सार्वजनिक न्यास कायद्याच्या नवव्या कलमात धर्मादाय हेतू दिलेत: गरिबी किंवा संकटनिवारण, शिक्षण, वैद्यकीय मदत, लोकोपयोगी इतर कामं. आपलं प्रत्येक उद्देशवाक्य त्यातल्या एकाच्या तरी चौकटीत बसतं का ते बघायचं.

18 एप्रिलला धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर अर्ज टाकला. न्यास झाल्यापासून तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो, उशीर झाला तर माफीचा वेगळा अर्ज आला. सोबत न्यासपत्र, पाचही जणांची संमतीपत्रं, प्रतिज्ञापत्र, आधार-पॅन, फोटो, आणि ट्रस्टच्या पत्त्यासाठी जागामालकाचं ना हरकत पत्र व लाइट बिल. दुकान भाड्याचं. मालकांना वाटलं ट्रस्टच्या नावाखाली मी गाळा बळकावतोय. त्यांना पटवायला तीन वेळा चहा आणि अकरा दिवस लागले. पत्ता घरचा देता येत असेल तर घरचाच द्या.

मे महिन्यात त्रुटी निघाल्या. एका विश्वस्ताचं आधारवरचं नाव आणि पॅनवरचं नाव वेगळं (वहिनींचं, माहेरचं-सासरचं), आणि लाइट बिल तीन महिन्यांपूर्वीचं. दुसऱ्यांचे फॉर्म भरताना मी हेच तपासून माघारी पाठवतो. स्वतःच्या वेळी डोळ्यांवर झापड. जूनमध्ये हरकती मागवणारी नोटीस लागली, तिची मुदत गेली, हरकत कुणाची आली नाही. निरीक्षकांनी फोनवर चौकशी केली, दुकानाचा फोटो मागवला. मग जुलैच्या शेवटी तारीख मिळाली: 4 ऑगस्ट, सकाळी अकरा, मूळ कागदांसह अर्जदाराने हजर राहावे.

सुनावणीची खोली दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही.

अपंग हक्क कायदा 2016 चा, त्याचे नियम 15 जून 2017 चे, आणि असलेल्या सार्वजनिक इमारती नियमांपासून पाच वर्षांत आमच्यासारख्यांना वापरण्याजोग्या करायच्या असं त्यात लिहिलंय. पाच वर्षं 15 जून 2022 ला भरली होती. मी बरोबर पन्नास दिवस उशिरा जिन्याच्या पायथ्याशी पोचलो.

खुर्ची जिन्यावरून न्यायची रीत सांगून ठेवतो, कारण जमलेल्या पाचातले चार जण चुकीच्या जागी हात घालतात. खुर्ची उलटी, पाठ जिन्याकडे. मागचा माणूस ढकलण्याच्या मुठी धरून वरच्या पायरीवर, पुढचा खाली उभा राहून चौकट धरतो. चौकटच. हात टेकवायची दांडी आणि पायाची फळी निघून येतात, ती धरली की माणूस खाली आणि दांडी हातात. खुर्ची मागं झुकवायची, मोठी चाकं पायरीला टेकवून एकेक पायरी ओढायची. ब्रेक लावायचा नाही. बसलेल्यानं पुढं वाकायचं नाही, तोंड मात्र चालू ठेवायचं, "थांबा", "आता", "ओढा". त्या दिवशी माझा रिक्षावाला आणि कुणाच्या तरी देवस्थानाच्या वादासाठी आलेले एक पुजारी, सोवळ्याचा झोळा खांद्यावर टाकून, अशा दोघांनी मला सोळा पायऱ्या वर नेलं. पहिल्या मजल्यावर पुजारीकाकांना धाप लागली. ते बसले, मीही खुर्चीत बसलेलाच होतो. म्हणाले, "देवाच्या केसला बावीस वर्षं झाली, तुझी लवकर होऊ दे."

दुसरी अडचण लघवीची. सकाळी सहाला नळी घातली होती, म्हणजे दहा-अकरापर्यंत पुन्हा हवी. तिथल्या स्वच्छतागृहाच्या दारातून खुर्ची जात नव्हती. मी आदल्या संध्याकाळपासून पाणी कमी प्यालो होतो. हे करू नये, संसर्गाला आमंत्रण असतं, मला आठ दिवसांनी तापानं ते दाखवून दिलंच. आता मी अशा ठिकाणी जाताना आधी जवळचा पेट्रोल पंप किंवा ओळखीचं घर हेरून ठेवतो.

आम्ही पहिल्या मजल्यावर अडकलोय हे शिपायानं वर जाऊन सांगितलं असावं. पंधरा मिनिटांनी सुनावणी घेणारे साहेब स्वतः फाइल घेऊन खाली आले. मधल्या चौकातल्या टेबलावर शपथेवर जबाब घेतला, सह्या घेतल्या. प्रश्न तीनच विचारले. पैसा कुठून येणार, हिशेब कोण ठेवणार आणि "संशोधनाला मदत म्हणजे नेमकं काय?" मी म्हटलं, सर, एखादी विद्यार्थिनी आमच्या लोकांवर अभ्यास करत असेल आणि पेशंटला तिच्यापर्यंत यायला रिक्षाचे पैसे नसतील, तर ते आम्ही देऊ. त्यांनी तेवढंच लिहून घेतलं.

19 ऑक्टोबरला, दिवाळीच्या तोंडावर, प्रमाणपत्र आलं. "ई" ने सुरू होणारा क्रमांक. सोबत परिशिष्ट एकचा (न्यासांच्या नोंदवहीतला आपला) उतारा लगेच मागून घ्या, बँकेला तोच लागतो आणि नंतर मागितला तर पुन्हा खेप.

पुढचं भराभर सांगतो. ट्रस्टचं पॅन, 107 रुपये, नोव्हेंबर. बँक खातं, तीन आठवडे आणि चार ठराव. प्रत्येक वेळी ठरावातला एक शब्द त्यांच्या नमुन्यापेक्षा वेगळा निघे. जानेवारी 2023 मध्ये आयकराचा फॉर्म 10-ए, 12-एसाठी (ट्रस्टच्या उत्पन्नाला करमाफी) एकदा आणि 80-जीसाठी (देणगीदाराला करात वजावट) एकदा, असा वेगवेगळा. सरकारी फी नाही, पण मी सीएकडून भरून घेतला, 3,500. फेब्रुवारीत 10-एसी आलं, तीन वर्षांपुरती तात्पुरती मान्यता. तेव्हाच्या नियमानं काम सुरू झालं की सहा महिन्यांच्या आत, किंवा मुदत संपण्याआधी सहा महिने, यातलं जे आधी येईल तेव्हा कायम करण्यासाठी 10-एबी भरायचा असे. आमच्या ओळखीची एक संस्था हे विसरली आणि दोन वर्षं पावत्या देता आल्या नाहीत.

एकूण खर्च: वकील 8,000, स्टँप-नोटरी 1,150, जिल्ह्याच्या चार खेपा रिक्षानं 5,600, सीए 3,500, पॅन, शिक्के, फायली मिळून 747. म्हणजे 18,997. झेरॉक्स धरलेल्या नाहीत, त्या घरच्या.

देणगीदारांशी बोलताना दोन गोष्टी आधीच सांगा. 2,000 च्या वर रोख दिलेल्या देणगीला वजावट मिळत नाही. आणि नव्या कररचनेत ही वजावट नाहीच. हे न सांगितल्यामुळं माझा एक मास्तर मित्र मार्चअखेरीला माझ्यावर जाम उखडला. आमच्या वेळी दरवर्षी 31 मेच्या आत 10-बीडी (वर्षभरातल्या देणग्यांचा तपशील) भरून देणगीदारांना 10-बीई हे देणगीचं प्रमाणपत्र द्यावं लागायचं, त्याच्यासाठी प्रत्येकाचा पॅन आणि पत्ता पावतीच्याच वेळी घ्या.

परदेशातल्या पैशाचा प्रश्न आमच्याकडे पहिल्याच महिन्यात आला. आतेभाऊ अबुधाबीला, भारतीय पासपोर्ट. त्यानं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले घेता आले. मुख्याध्यापक सरांचा विद्यार्थी अमेरिकेत, नागरिकत्व तिथलं. त्याचे पैसे विदेशी योगदान ठरतात, परवानगी नसताना एक डॉलरही घ्यायचा नाही. सरांनी त्याला कळवलं तेव्हा तो हसला म्हणे, "मी नववीत तुमच्याकडून छड्या खाल्ल्या, तरी मी विदेशी?"

पैसे आले, 80-जी आलं, आता काम. पहिलं काम पुस्तिका. एप्रिल ते जुलै 2023, चोवीस पानं. मजकूर आम्हीच लिहिला, अस्थिरोग आणि पुनर्वसनाच्या डॉक्टरांकडून तपासून घेतला. भांडणं चिक्कार झाली. डॉक्टरांना सुरुवात मणक्याच्या आकृतीनं हवी होती. वहिनी म्हणाल्या, "आकृती शेवटी टाका. पहिल्या पानावर कूस बदलायचं टाका. ऑपरेशननंतर पहिल्या आठवड्यात माणूस पहिलंच पान वाचतो." वहिनी जिंकल्या. दुसऱ्या पानावर: पायाला, कंबरेला शेक देऊ नका, वीट नको, गरम पाण्याची पिशवी नको. तिसऱ्यावर नळी. चौथं पान फक्त डी-6 ला किंवा त्याच्या वर इजा असलेल्यांसाठी. एकाएकी डोकं फुटायला लागलं, चेहरा लाल, घाम, तर रक्तदाब धोकादायक चढलेला असू शकतो. आधी उठवून बसवा, कपडे-पट्टे सैल करा, लघवीची नळी कुठं मुडपलीय का बघा, आणि उतरला नाही तर लगेच दवाखाना. वहिनींच्या यजमानांचं हे दोनदा झालं होतं आणि एकदा ॲसिडिटीची गोळी मिळाली होती.

स्टेम सेलचं पान मी लिहिलं. अकरा ओळी. चाचणीत घेतो म्हणणाऱ्याला तीन गोष्टी विचारा: चाचणी नोंदणी क्रमांक, नीतिमत्ता समितीचं मंजुरीपत्र आणि पैसे का मागताय. भारतात चाचण्यांची नोंदवही 2007 पासून आहे आणि ती कुणालाही इंटरनेटवर बघता येते.

शेवटच्या पानावर फोटोऐवजी दोन परिच्छेद आहेत. एक मुरलीकांत पेटकरांवर. सांगली जिल्ह्यातले, 1965 च्या युद्धात गोळ्या लागून पाय गेले आणि 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्याचं सुवर्ण. दुसरा वेल्लोरच्या डॉ. मेरी व्हर्गीज यांच्यावर. 1954 मध्ये अपघातात पाय गेले, खुर्चीत बसून कुष्ठरुग्णांच्या हातांची ऑपरेशनं केली आणि 1966 मध्ये तिथं पुनर्वसन संस्था उभी राहिली. बी.कॉम.वाल्या पोराचं म्हणणं होतं, फक्त पेटकर टाका. फिजिओ मॅडमनी एक भुवई वर केली, विषय संपला.

छपाई 500 प्रती, 11,500 रुपये. 5 सप्टेंबरला जगभर मेरुरज्जू इजा दिन पाळतात, आपल्याकडे त्याच दिवशी शिक्षक दिन. सर खूश. प्रकाशनाला नारळ फोडला, पेढे वाटले, प्रती चार दवाखान्यांच्या वॉर्डांत ठेवल्या. महिन्याभरात दोन वॉर्डांतल्या सगळ्या गायब. चौकशी केली तर मोतीबिंदूच्या पेशंटचे नातेवाईकही घेऊन गेलेले, फुकट आणि रंगीत होती ना. आता सिस्टरांच्या टेबलात ठेवतो, सिस्टर हातात देतात.

याच सुमारास ग्रुपवर स्वित्झर्लंडचा व्हिडिओ फिरत होता. मे 2023 मधला. लोझानच्या पथकानं नेदरलँड्सच्या एका माणसाच्या मेंदूवर आणि मणक्यात यंत्रं बसवली, त्याच्या मनातला हेतू मणक्यापर्यंत पोचवला आणि 2011 पासून पाय गेलेला तो माणूस उभा राहून चालला. वहिनींनी विचारलं, "आपल्याकडे कधी?" फिजिओ मॅडम म्हणाल्या, "एका माणसावर झालंय वहिनी. आणि त्याच्या नसा पूर्ण तुटलेल्या नव्हत्या. पण झालंय." वहिनींनी तो व्हिडिओ यजमानांना दाखवला की नाही हे मी अजून विचारलेलं नाही.

आमचं संशोधनसाहाय्य त्या मानानं फार साधं. एका फिजिओथेरपी कॉलेजातल्या पदव्युत्तर विद्यार्थिनीचा विषय होता, घरी सोडल्यावर पहिल्या सहा महिन्यांत जखमा कशामुळं होतात. नोव्हेंबर 2023 मध्ये ती दुकानात आली. कॉलेजच्या नीतिमत्ता समितीनं आम्हाला लेखी विचारलं की पेशंटला देणार ते पैसे नेमके कशाचे. प्रवासाचे आणि बुडालेल्या मजुरीचे चालतात, भाग घेण्याचं आमिष म्हणून नाही. आम्ही तिकीट किंवा रिक्षाची चिठ्ठी बघूनच द्यायचं ठरवलं. बावीस जण, सहा महिन्यांत 13,400 रुपये. याहून मोलाची मदत मला वाटतं संमतीपत्राची झाली. इंग्रजीवरून केलेल्या मराठीत लिहिलं होतं, "सहभागातून माघार घेण्याचे स्वातंत्र्य अबाधित राहील." मी ते खोडून लिहिलं, "मधेच नको वाटलं तर सोडून द्या, तुमच्या उपचारात काही फरक पडणार नाही." समितीनं ते मंजूर केलं. एका आजोबांनी ते वाचलं आणि दुसऱ्याच भेटीला सोडून दिलं. विद्यार्थिनी हिरमुसली. मला बरं वाटलं, म्हणजे आजोबांना कळलं होतं.

गेल्या आठवड्यात रात्री दहा वाजता फोन आला. पुस्तिकेवर दुकानाचा नंबर आहे. मुलगी, आवाजावरून कॉलेजातली. "पप्पांचं मणक्याचं ऑपरेशन झालं सहा दिवसांपूर्वी. तुम्ही दर दोन तासांनी कूस म्हणता, पण इथं मी आणि आई दोघीच आहोत. पप्पा ऐंशी किलो आहेत."

डॉक्टरांनी वळवायला सांगितलंय का, ते आधी विचारलं. हो म्हणाली, सकाळी सिस्टरांनीच वळवलं होतं. मग सांगितलं: एक चादर दुहेरी घडी घालून खांद्यापासून मांडीपर्यंत अंगाखाली सरकवा, सिस्टरांची मदत घ्या. वळवायचं त्या बाजूचा हात अंगापासून लांब ठेवा. दोघी एकाच बाजूला उभ्या राहा, एक खांद्याशी, एक कंबरेशी. चादर घट्ट गुंडाळून धरा. मान आणि कंबर एकदम, मागंपुढं नाही.

"थांबा हां," म्हणाली, आणि फोन स्पीकरवर टाकून ठेवून दिला. पलंगाचं करकरणं ऐकू आलं, चादर ओढल्याचा आवाज, कुणीतरी "हळू गं" म्हटलं. मग आईचा आवाज, शाळेतल्या कवायतीसारखा मोठा.

"एक... दोन... तीन."